एका देहात किती बिऱ्हाडं

गणेशोत्सवातल्या करमणुकीच्या कार्यक्रमात नकलाकार उभा राहिला की त्याची यादी साधारण ठरलेली असते. निळू फुले, दादा कोंडके, अशोक सराफ, लक्ष्मीकांत बेर्डे, नाना पाटेकर. एक वाक्य फेकलं की मांडवात पुढे बसलेली पोरंसुद्धा नाव ओरडतात. या यादीत दिलीप प्रभावळकरांचं नाव मी आजवर ऐकलेलं नाही. त्यांनी साकारलेल्या तात्या विंचूची नक्कल होते, आबा टिपऱ्यांची होते, मुन्नाभाईला भेटणाऱ्या बापूंची होते. प्रभावळकरांची होत नाही. पन्नास वर्षांहून अधिक काळ रंगमंचावर, छोट्या पडद्यावर आणि मोठ्या पडद्यावर वावरलेल्या नटाची स्वतःची म्हणावी अशी एकही लकब प्रेक्षकांच्या हाती लागू नये, हे मराठी अभिनयाच्या इतिहासातलं मोठं नवल आहे. एका देहात इतकी बिऱ्हाडं नांदून गेली, पण घरमालक कधी दारात आला नाही.

अशा नटाला ‘बहुरूपी’ म्हणून मोकळं व्हायची आपल्याकडे पद्धत आहे. मला तो शब्द त्यांना तोकडा वाटतो. त्यात सगळं श्रेय टोपाला, मिशांना आणि रंगपेटीला जातं, आणि वेश पालटण्यात तरबेज असलेले नट आपल्याकडे कमी झालेले नाहीत. प्रभावळकरांच्या माणसांचं वेगळेपण दृश्य संपल्यावर जाणवतं. कॅमेरा दुसरीकडे वळला तरी हा माणूस आत जाऊन काहीतरी करत असणार, अशी आपली खात्री असते. आबा टिपरे दुपारी किती वेळ आडवे होत असतील, चिमणराव कचेरीतून परतताना कोणाला टाळण्यासाठी कुठल्या बोळातून येत असतील, हे संहितेत लिहिलेलं नसतं. नटाला मात्र ते माहीत असल्यासारखं वाटतं. याचं मूळ त्यांच्या दुसऱ्या उद्योगात आहे, असं माझं मत आहे. प्रभावळकर लेखक आहेत. फावल्या वेळात लिहिणारे नट पुष्कळ असतात. इथे ज्या हाताने पात्र लिहिलं जातं त्याच हाताने ते उभं केलं जातं, आणि ही गोष्ट लक्षात घेतल्याशिवाय या कारकिर्दीचा उलगडा होत नाही.

जन्म ४ ऑगस्ट १९४४, मुंबईचा. शिक्षण रसायनशास्त्राचं, तेही पदव्युत्तर, आणि मग बरीच वर्षं औषध कंपनीत नोकरी. त्या पिढीतल्या मराठी नटांची ही नेहमीची वाट होती. अशोक सराफ बँकेत होते, बाळ कर्वे मुंबई महापालिकेत होते. दिवसा हजेरीपट, संध्याकाळी तालीम, शनिवार-रविवार प्रयोग. त्या काळच्या नटांच्या अंगी जो जमिनीवरचा वास्तवपणा दिसतो, त्याला ही नोकरी कारण आहे, असं मी मानतो. लोकलच्या डब्यात रोज समोर बसणारा कारकून, साहेबाच्या केबिनबाहेर घुटमळणारा सहकारी, निवृत्तीला चार महिने उरले म्हणून सगळ्यांशी गोड बोलू लागलेला हेडक्लार्क, ही माणसं त्यांना शोधायला जावं लागत नव्हतं. ती डब्याशेजारी डबा उघडून जेवत होती.

अभिनयाची पहिली मोठी शाळा मात्र रत्नाकर मतकरींची. मतकरींनी १९६२ पासून मुलांसाठी नाटकं केली. त्यांच्या ‘अलबत्या गलबत्या’मधली चेटकीण प्रभावळकरांनी रंगवली होती. ज्यांनी ती लहानपणी पाहिली ती माणसं आज साठी ओलांडून बसली आहेत आणि तिच्याविषयी बोलताना अजून हातवारे करतात. बालनाट्यात नटाला लपायला जागा नसते. मोठा प्रेक्षक कंटाळला तर खोकतो, मुलं उठून पाणी प्यायला जातात. चेटकीण भयंकर हवी, पण इतकीही नको की पहिल्या रांगेतलं मूल आईच्या कुशीत शिरेल आणि पुन्हा वर बघणार नाही. हे अंतर नेमकं राखायची सवय प्रभावळकरांना तिथे लागली आणि ती पुढे आयुष्यभर कामाला आली.

त्याच मतकरींच्या ‘आरण्यक’मध्ये त्यांनी विदुर केला. नाटक १९७४ चं. महाभारताचं युद्ध संपल्यावर अरण्यात गेलेल्या धृतराष्ट्र, गांधारी, कुंती आणि विदुराची ही कथा. २०१८ साली मतकरींनी ते पुन्हा मंचावर आणलं तेव्हा विदुर पुन्हा प्रभावळकरच होते आणि धृतराष्ट्र पुन्हा रवी पटवर्धन. मधे चव्वेचाळीस वर्षं गेली होती. पहिल्या वेळी तिशीतल्या नटाने म्हातारपण रचून उभं केलं होतं, दुसऱ्या वेळी ते त्याचं स्वतःचं होतं. एकच भूमिका एका नटाने आयुष्याच्या दोन टोकांना करावी, असे योग रंगभूमीवर फार थोडे येतात. त्यानंतर दोनच वर्षांत, २०२० मध्ये, मतकरीही गेले आणि पटवर्धनही.

दूरदर्शनचं मुंबई केंद्र सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ रोजी. सुरुवातीची वर्षं काळ्यापांढऱ्या पडद्याची, संध्याकाळच्या मोजक्या तासांची. वाडीत एखाद्याकडे संच असायचा आणि त्या घरात शनिवार-रविवारी पायरीपर्यंत माणसं बसायची. अशा काळात, सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात, याकूब सईद आणि विजया धुमाळे यांनी चि. वि. जोशींचे चिमणराव आणि गुंड्याभाऊ पडद्यावर आणले. चिमणराव प्रभावळकर, गुंड्याभाऊ बाळ कर्वे.

हे काम दिसतं तितकं सोपं नव्हतं. चि. वि. पाली भाषेचे अभ्यासक, बडोद्यात अध्यापन केलेले. त्यांनी पुण्यातल्या एका भित्र्या, भाबड्या कारकुनाच्या संसारातून मराठी विनोदाचा एक सबंध प्रांत उभा केला. चिमणराव, बायको काऊ, मुलं मोरू, मैना, राघू. घरातल्या सगळ्यांना पाखरांची नावं, आणि त्यांच्यात गुंड्याभाऊ हा धटिंगण मावसभाऊ. वाचकांनी या मंडळींना चाळीसेक वर्षं आपापल्या मनात वाढवलं होतं. शिवाय मास्टर विनायकांच्या चित्रपटांतून दामुअण्णा मालवणकर आणि विष्णुपंत जोग या जोडीने ती रूपं लोकांच्या डोळ्यांसमोर ठेवली होती. ‘सरकारी पाहुणे’ १९४२ चा. त्यामुळे ज्येष्ठ प्रेक्षक तुलना करायच्या तयारीनेच बसले होते.

प्रभावळकरांनी केलेली निवड मला आजही अचूक वाटते. चिमणराव हा विनोदी माणूस आहे, हे चिमणरावांना माहीत नाही, या एका गोष्टीवर त्यांनी सगळी भूमिका तोलली. चिमणराव प्रत्येक संकटाला मनापासून घाबरतात. पाहुणे येणार हे संकट, साहेबाने बोलावणं पाठवलं हे संकट, गुंड्याभाऊंना नवी कल्पना सुचली हे तर महासंकट. ओठ किंचित उघडे राहतात, वाक्य अर्ध्यावर गिळलं जातं, मान आत जाते. पण नट कुठेही प्रेक्षकाकडे तिरका डोळा टाकून ‘बघा कसा बावळट आहे’ असं सुचवत नाही. त्यामुळे हसताहसता आपल्याला त्या माणसाची काळजी वाटू लागते. मध्यमवर्गीय महाराष्ट्राने आपला भित्रेपणा त्या पडद्यावर पाहिला आणि तो त्याला लागला नाही, कारण दाखवणाऱ्याच्या मनात तुच्छता नव्हती.

बाळ कर्वे यांचा वाटा इथे मोठा होता. जोडीतल्या एकाने दचकायचं तर दुसऱ्याने दणकून बोलावं लागतं, आणि कर्वे यांचे गुंड्याभाऊ दारातून आत आले की खोली लहान वाटायची. पुढे १९७९ मध्ये याच जोडीचा ‘चिमणराव गुंड्याभाऊ’ हा चित्रपट आला. गेल्या वर्षी, ऑगस्ट २०२५ मध्ये, नव्वदी ओलांडलेले कर्वे गेले, तेव्हा सगळ्यांनी त्यांना गुंड्याभाऊ म्हणूनच निरोप दिला. मला वाईट एका गोष्टीचं वाटतं. दूरदर्शनच्या त्या काळातल्या पुष्कळ कार्यक्रमांच्या फिती पुसून पुन्हा वापरल्या गेल्या. फीत महाग होती, साठवायला जागा नव्हती, आणि पुढे कोणी हे पाहायला मागेल असं कुणाला वाटलं नव्हतं. चि. विं.ची पुस्तकं आज दुकानात मिळतात. त्या पुस्तकांना पडद्यावर मिळालेलं सर्वांत जिवंत रूप मात्र आता बहुतांशी लोकांच्या आठवणीत आहे, आणि ती आठवण असलेली माणसं दरवर्षी कमी होत आहेत.

चिमणरावांनंतर धोका होता तो ठप्प्याचा. दूरदर्शनने लोकप्रिय केलेल्या नटाला पुढची वीस वर्षं तेच काम मिळतं. प्रभावळकरांनी त्यावर उपाय शोधला तो स्वतः लिहिण्याचा. ‘हसवाफसवी’ हे त्यांनीच लिहिलेलं नाटक, त्यात एकाच प्रयोगात त्यांच्या सहा भूमिका. त्यांत बाई होती आणि संगीत नाटकाच्या जमान्यातले वृद्ध गायकनट कृष्णराव हेरंबकरही होते. कपडेपट बदलण्याचा वेग हा प्रेक्षकांच्या कौतुकाचा विषय झाला, ते साहजिकच होतं. पण नाटक टिकलं ते हेरंबकरांमुळे. तोवर पोट धरून हसणारं सभागृह या म्हाताऱ्याच्या प्रवेशानंतर हळूहळू गप्प व्हायचं. आवाज गेलेला, काळ गेलेला, तरी सूर कुठे लागायला हवा हे कानाला अजून पक्कं ठाऊक आहे, असा तो माणूस. प्रभावळकर तेव्हा पन्नाशीच्याही आत होते. पुढे हेच नाटक पुष्कर श्रोत्री यांनी नव्याने केलं. याचा अर्थ ती पात्रं लेखणीतही भक्कम होती, केवळ एका नटाच्या देहावर अवलंबून नव्हती.

आता दोन कामं शेजारी ठेवून पाहावीत, असं मला नेहमी वाटत आलं आहे. जयवंत दळवींच्या ‘नातीगोती’ या नाटकात प्रभावळकर मतिमंद मुलाचे वडील होते. मुलाचं काम अतुल परचुरे यांचं, आईचं स्वाती चिटणीस यांचं. आणि १९९१ च्या ‘चौकट राजा’ या चित्रपटात ते स्वतःच तो मुलगा झाले. बालपणीच्या अपघाताने बुद्धीची वाढ थांबलेला, देहाने पुरुष झालेला नंदू. दिग्दर्शक संजय सूरकर, निर्मात्या आणि नायिका स्मिता तळवलकर, नंदूच्या आईच्या भूमिकेत सुलभा देशपांडे.

ज्या नटाने प्रयोगामागून प्रयोग अशा मुलाकडे बापाच्या डोळ्यांनी पाहिलं, तो जेव्हा त्या मुलाच्या जागी जातो तेव्हा काय होतं, याचं उत्तर नंदूमध्ये आहे. मुलाचा आनंद बापाला दिसतो तेव्हा त्यात काळजी मिसळलेली असते. नंदूचा आनंद निर्भेळ आहे. त्याला कळतं आणि कळत नाही यांच्यातली रेषा दर प्रसंगी थोडी सरकते, आणि ती सरकताना प्रभावळकर डोळ्यांत दाखवतात. अशा भूमिकेत नट दोन चुका करतात. एक, सगळं अंग वाकडं करून दयेची याचना. दुसरी, पात्राला देवदूत करून टाकणं. नंदू चिडतो, हट्ट करतो, त्याला मैत्रिणीचा सहवास हवा असतो आणि तिच्या संसारात त्याच्यामुळे अडचण येते. तो गोड माणूस आहे आणि त्याच्याबरोबर राहणं कठीण आहे. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या ठेवणं हे त्या कामाचं यश. मतिमंद मुलं घरात असलेल्या अनेक कुटुंबांनी त्या काळात हा चित्रपट आपला मानला, यातच सगळं आलं.

आणि दोन वर्षांनी, १९९३ मध्ये, तात्या विंचू.

महेश कोठारेंच्या ‘झपाटलेला’मध्ये प्रभावळकर प्रत्यक्ष पडद्यावर दिसतात ते थोडाच वेळ. गुंड मरता मरता मंत्र म्हणतो आणि त्याचा आत्मा बाहुल्यात शिरतो. तिथून पुढे रामदास पाध्ये यांचा बाहुला आणि प्रभावळकरांचा आवाज. ‘ओम फट् स्वाहा’ म्हणत गल्लीबोळांत हिंडलेली एक अख्खी पिढी आज चाळिशीत आहे. बाहुल्याचा चेहरा फारसा हलत नाही, भाव बदलत नाही. मग राग, कावेबाजपणा, आपल्याला हे लाकडी अंग मिळालं याचा संताप, हे सगळं येतं ते आवाजातून. मुलांनी घाबरावं आणि तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा पाहायला यावं, हे चेटकिणीकडून शिकलेलं गणित इथे कामी आलं, असं मला वाटतं.

आवाजाविषयी थोडं थांबून बोललं पाहिजे. प्रभावळकरांचा मूळ आवाज पल्लेदार नाही. श्रीराम लागूंसारखा भरदार नाही, तो सभागृहाचा ताबा घेत नाही. त्यामुळेच तो कुठेही जाऊ शकतो. चिमणरावांचा घशात अडकणारा, नंदूचा जीभ जड झालेला, विंचूचा खरबरीत, गांधीजींचा कुजबुजीच्या जवळ जाणारा. शिवाय प्रत्येक पात्राला श्वास कुठे तोकडा पडतो हे त्यांनी वेगळं ठरवलेलं असतं. आबा टिपरे वाक्याच्या शेवटाकडे येताना किंचित थांबतात, कारण त्यांना पुढचा शब्द आठवतो आहे की नाही याची खात्री करून घ्यायची असते. उतारवयातल्या सुशिक्षित माणसाची ही लकब कोणी पुस्तकातून शिकवत नाही.

आबांपाशी मी मुद्दाम रेंगाळणार आहे, कारण मला ते या कारकिर्दीचं हृदय वाटतं.

‘लोकसत्ता’त प्रभावळकरांनी ‘अनुदिनी’ हे सदर लिहिलं. मुंबईतलं टिपरे कुटुंब आणि त्या घरातल्या माणसांच्या रोजनिशा. घटना लहान. गॅस संपला, नातवाचा निकाल लागला, सुनेने नवा पदार्थ केला, शेजारी कोणी राहायला आलं. गंमत दृष्टिकोनात होती. आजोबांना जे वाटलं ते मुलाला वाटलं नाही आणि नातवाला तर त्यातलं काही जाणवलंच नाही. हे लिहायला लेखकाला घरातल्या प्रत्येकाच्या अंगात जाऊन यावं लागतं, कॉलेजात जाणाऱ्या पोरापासून त्याच्या आजोबापर्यंत. नट नेमकं हेच करतो. फरक इतकाच की नटाला एका वेळी एकच अंग मिळतं.

या लेखनावरून केदार शिंदे यांनी ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ ही मालिका केली. २००१ ते २००५, अल्फा मराठीवर, जी पुढे झी मराठी झाली. आबा प्रभावळकर, मुलगा शेखर राजन भिसे, सून श्यामला शुभांगी गोखले, नात शलाका रेश्मा नाईक, नातू शिऱ्या विकास कदम. काळ लक्षात घ्यायला हवा. २००० सालापासून हिंदी वाहिन्यांवर सासू-सुनांच्या दैनंदिन मालिकांची लाट आली होती. भरजरी साड्या, हवेल्या, कारस्थानं, प्रत्येक वाक्यानंतर तीन वेळा चेहऱ्यावर जाणारा कॅमेरा. आणि इकडे मराठीत एक निवृत्त गृहस्थ चष्मा पुसत नातवाला विचारत होते की हा तुमचा नवा शब्द नेमका कशासाठी वापरतात.

टिपऱ्यांच्या घरात खलनायक नव्हता. भांडणं होती, पण ती जेवायच्या वेळेपर्यंत मिटायची किंवा अर्धवट राहायची, जशी घरात राहतात. सासरा आणि सून यांचं नातं इतक्या आदराने आणि इतक्या मोकळेपणाने मराठी पडद्यावर त्याआधी आलं असेल असं मला वाटत नाही. श्यामला आबांना अहो-जाहो करते, त्यांच्यावर वैतागते, त्यांचं पथ्य सांभाळते आणि कधीकधी नवऱ्यापेक्षा त्यांच्याशीच मन मोकळं करते. शुभांगी गोखले यांचं काम या मालिकेत प्रभावळकरांच्या तोडीचं आहे, आणि त्यांच्या वाट्याला आलेलं श्रेय मला नेहमी कमी वाटत आलं आहे.

आबांच्या भूमिकेत प्रभावळकर सुरुवातीला सत्तावन्न वर्षांचे होते, आबा त्यांच्यापेक्षा बरेच मोठे. म्हातारपण दाखवताना सामान्यतः नट कंबरेतून वाकतात आणि हात थरथरवतात. आबा ताठ आहेत. त्यांचं वय दिसतं ते उठताना खुर्चीच्या हातावर किती भार टाकतात त्यात, जिन्यावर नातू पुढे गेल्यावर आपण दमलो हे लपवायला भिंतीवरचं काहीतरी पाहत थांबतात त्यात. आणि त्यांचं कुतूहल शाबूत आहे. मोबाइल, संगणक, पोरांची भाषा, सगळं त्यांना समजून घ्यायचं आहे. नव्या पिढीला नावं ठेवणारा आजोबा लिहिणं सोपं होतं, टाळ्याही मिळाल्या असत्या. प्रभावळकरांचे आबा नावं ठेवण्याआधी विचारतात, आणि उत्तर ऐकून घेतात. महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांत त्या वर्षांत आजोबा आणि नातवंडं एकत्र बसून काही पाहत असतील तर ते हेच.

मालिका आठवड्याला एक भाग अशा बेताची होती, म्हणूनही हे जमलं. आज दैनंदिन मालिकेत आठवड्याला सहा-सात भाग लागतात. दृश्यं चित्रीकरणाच्या दिवशी सेटवर हाती पडतात, नट दिवसाचे बारा-तेरा तास तिथे असतात, आणि पात्र पुढे कुठे जाणार हे कधीकधी आठवड्याच्या आकड्यांवर ठरतं. अशा व्यवस्थेत चरित्र नटाला विचार करायला वेळ उरत नाही. म्हणून आजच्या मालिकांतले आजोबा एक तर सोफ्यावर बसून आशीर्वाद देतात, नाहीतर दवाखान्यात असतात. त्या जागी काम करणारे नट तितकेच गुणी आहेत, हे मी जबाबदारीने म्हणतो. त्यांना सवड नाही. चरित्र अभिनयाला सवड हे भांडवल लागतं.

आबा घराघरांत रुजलेले असतानाच, २००२ मध्ये, अजय फणसेकर यांच्या ‘एन्काउंटर : द किलिंग’ या हिंदी चित्रपटात प्रभावळकर पुनप्पा नावाचा गुन्हेगारी जगतातला वृद्ध म्होरक्या झाले, तेही नसीरुद्दीन शाह यांच्यासमोर. त्याआधी ‘रात्र आरंभ’मध्ये दुभंगलेल्या मनाचा माणूस आणि दूरदर्शनवरच्या ‘साळसूद’मध्ये नावाप्रमाणेच वरून सभ्य दिसणारा, आतून कावेबाज इसम त्यांनी केला होता. त्यांची दुष्ट माणसं मला फार अस्वस्थ करतात. ती आवाज चढवत नाहीत. घरी आली तर आपण त्यांना चहा देऊ.

२००६ मध्ये राजकुमार हिरानी यांच्या ‘लगे रहो मुन्नाभाई’त ते गांधीजी झाले आणि महाराष्ट्राबाहेरच्या भारताला त्यांची ओळख झाली. त्या वर्षीच्या राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट सहाय्यक अभिनेत्याचा मान त्यांना या चित्रपटासाठी आणि गजेंद्र अहिरे यांच्या ‘शेवरी’साठी मिळून देण्यात आला. गांधीजींची भूमिका म्हटलं की नट आधी चेहऱ्याच्या साम्याकडे जातो. इथली गोष्ट निराळी होती. हे बापू फक्त मुन्नाला दिसतात, आणि जेवढं मुन्नाने ग्रंथालयात रात्रंदिवस बसून वाचलं तेवढंच त्यांना ठाऊक असतं. म्हणजे हे एका टपोरी पोराच्या डोक्यातले गांधी आहेत. इतिहासातल्या गांधीजींचा भार अंगावर घेतला असता तर मुन्नाशी त्यांचं जमलंच नसतं. प्रभावळकरांनी त्यांना आजोबांच्या जवळ नेलं. ते सल्ला देऊन झाल्यावर पोराकडे जरा जास्त वेळ पाहतात, पटलं की नाही याचा अंदाज घेत. टिपऱ्यांच्या घरात ज्यांनी चार वर्षं काढली होती त्या मराठी प्रेक्षकांना ती नजर ओळखीची वाटली असेल.

या सगळ्या धावपळीत लेखन थांबलं नाही. ‘गुगली’, ‘कागदी बाण’, ‘हसगत’, आणि नट म्हणून केलेल्या प्रवासाविषयीचं ‘एका खेळियाने’. मुलांसाठी ‘बोक्या सातबंडे’. चिन्मयानंद सातबंडे हे भारदस्त नाव झुगारून बोक्या म्हणून वावरणारा हा खोडकर, न्यायाची चाड असलेला मुलगा आज मराठी बालसाहित्यातल्या मोजक्या टिकलेल्या नायकांपैकी एक आहे. त्याच्यावर २००९ मध्ये चित्रपटही आला. बोक्याच्या गोष्टी वाचताना मला एक गोष्ट सारखी दिसते. त्यातली मोठी माणसं, म्हणजे तक्रारखोर शेजारी, कडक शिक्षक, घाईतले काका, ही मुलाच्या उंचीवरून पाहिलेली असली तरी त्यांच्यावर अन्याय झालेला नाही. प्रत्येकाला वाक्य दिलंय ते त्याचंच आहे, दुसऱ्याच्या तोंडी शोभणार नाही. लेखकाने ते मनातल्या मनात मोठ्याने म्हणून पाहिलं असणार.

साठीनंतर चरित्र नटांच्या वाट्याला येणारं काम सहसा आटतं. यांचं उलट झालं. २०११ च्या ‘देऊळ’मध्ये त्यांचे अण्णा हे गावातले वाचणारे, जाणते गृहस्थ. गावात देव प्रकटल्याच्या गडबडीत दवाखान्याची आठवण करून देणारे आणि शेवटी बाजूला पडणारे. २०१३ चा ‘नारबाची वाडी’ हा मनोज मित्र यांच्या बंगाली नाटकावर बेतलेला, आदित्य सरपोतदार यांचा चित्रपट. कोकणातल्या म्हाताऱ्या नारबाची वाडी खोताला हवी आहे आणि त्यासाठी नारबा मरण्याची वाट पाहिली जाते. नारबा आज जातो, उद्या जातो असं वाटतं आणि दर वेळी तो उठून झाडांना पाणी घालायला लागतो. आळ्यातली माती उकरतानाचे प्रभावळकरांचे हात पाहावेत. झाडावर प्रेम करणाऱ्या माणसाला झाडाविषयी भाषण करावं लागत नाही.

१२ सप्टेंबर २०२५ रोजी सुबोध खानोलकर दिग्दर्शित ‘दशावतार’ प्रदर्शित झाला. प्रभावळकर एक्याऐंशी वर्षांचे, आणि चित्रपटाचे नायक. सिंधुदुर्गातला म्हातारा दशावतारी बाबुली मेस्त्री, त्याने आता थांबावं म्हणून मागे लागलेला मुलगा माधव, आणि आजूबाजूला निसर्गावर डोळा ठेवून असलेली माणसं. चित्रपटगृहं भरली. टिपरे पाहत वाढलेली मुलं आपल्या मुलांना घेऊन आली होती.

या चित्रपटाच्या पटकथेबद्दल माझी मतं वेगळी आहेत. उत्तरार्धातला थरार मला पूर्वार्धातल्या घरापेक्षा कमी खरा वाटला. पण बाबुलीसाठी प्रभावळकरांची निवड होणं यात एक मोठं औचित्य आहे, आणि ते वयापुरतं नाही. सिंधुदुर्गातला आणि उत्तर गोव्यातला दशावतार ज्यांनी जत्रेत रात्र जागून पाहिला असेल त्यांना ठाऊक आहे की त्याला लिहिलेली संहिता नसते. वालावलकर, मोचेमाडकर, पार्सेकर, आरोलकर अशी जुनी मंडळं गावोगावच्या जत्रांतून फिरतात. नट आपला रंग आपणच लावतो, आपले दागिने आपणच चढवतो. आख्यान कुठलं, कोणाचा राजपार्ट, कोणाचा स्त्रीपार्ट, कोणाची गाठ कोणाशी पडणार, इतकं ठरतं. पायपेटी आणि पखवाज सुरू झाले की पुढचा शब्द ज्याचा त्याने जागच्या जागी घडवायचा. समोरच्याने पुराणातला दाखला दिला तर त्याला तोडीचं उत्तर त्याच क्षणी सुचलं पाहिजे, आणि ते त्या पात्राच्याच तोंडचं असलं पाहिजे. रावणाने रामासारखं बोलून चालत नाही. तिथे नट आणि लेखक अशी दोन माणसं कधी नव्हतीच. दिवसा शेतात नाहीतर नोकरीवर, रात्री रंग लावून स्वतःचं नाटक स्वतः बोलत उभं करणारी ही माणसं. औषध कंपनीची नोकरी सांभाळत मतकरींच्या तालमीला जाणाऱ्या, आणि पुढे स्वतःच्या सहा भूमिका स्वतःच लिहिणाऱ्या नटाला बाबुलीच्या घरी पोचायला फार चालावं लागलं नसेल.